दोन बोटे माया
(माहितीपटाचे निवेदन)

(लाकडी टेबलावर पसरलेले हळदी रंगाचे सुती कापड. त्यावर आडव्या हिरव्या रेघा. खडू धरलेला हात कापडावर थांबलेला.)

हे कापड ज्या बाईंसाठी बेतले जात आहे, त्यांच्या छातीचे माप ४६ इंच आहे. आडव्या रेघांचा ब्लाउज त्या आयुष्यात पहिल्यांदाच शिवून घेत आहेत. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरून आत वळलेल्या एका बोळात हे दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, दोन मशीन, एक इस्त्री आणि भिंतीला टेकवलेला उभा आरसा. बाई शाळेत शिकवतात. कोणी कसे कपडे घालावेत याचे नियम त्यांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. अंगाने भरलेल्या बाईने गडद रंग घालावा, रेघा उभ्या असाव्यात, साडीचा काठ बारीक असावा, फुले लहान असावीत, बाही कोपरापर्यंत असावी आणि खळ दिलेली सुती साडी नेसू नये, कारण ती अंगावर फुगते. हे नियम त्यांना कोणी शिकवायला बसवून शिकवलेले नाहीत. आईने साडी निवडताना, आत्याने लग्नघरात आणि दुकानातल्या गादीवरून साड्यांच्या घड्या उलगडणाऱ्या विक्रेत्याने ‘वहिनी, हा काठ तुम्हाला नको, बारीक दाखवतो’ असे म्हणत, सगळ्यांनी थोडे थोडे करून ते त्यांच्या अंगी मुरवले आहेत.

(टेप खांद्यावरून खाली येते. शिवणाऱ्या ताईंचे डोळे टेपवर, ओठांत टाचणी.)

या दुकानात ‘मापाचा ब्लाउज आणलाय का?’ असे कोणी विचारत नाही. जुन्या ब्लाउजावरून माप घेतले, की जुन्या ब्लाउजातली चूकही नव्यात उतरते, असे शिवणाऱ्या ताईंचे म्हणणे आहे. म्हणून त्या प्रत्येक वेळी अंगावर माप घेतात, आणि तेही सावकाश. छाती ४६, कंबर ४१, खांदा साडेपंधरा, दंडघेर साडेपंधरा. त्यानंतर खांद्यापासून टकाच्या, म्हणजे छातीवरच्या चिमट्याच्या, टोकापर्यंतचे अंतर, आणि मग पुढची उंची आणि मागची उंची वेगवेगळी. भरलेल्या छातीवरून कापड खाली उतरायचे, तर पुढच्या भागाला मागच्यापेक्षा जास्त लांबी लागते, आणि ती दिली नाही तर ब्लाउज पुढून वर चढतो. तो वर चढला की बाई दिवसभर त्याची कड खाली ओढत राहतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की ह्यांना ब्लाउज शोभत नाही.

(कागदावर पेन्सिलीने काढलेला मुंढ्याचा बाक. बोट त्या बाकावरून फिरते.)

आता मुंढा पाहा. बाही जिथे अंगाला जोडली जाते, ती ही वाट. जाड बाईचा ब्लाउज म्हटला की बरेच शिवणारे मुंढा खोल कापतात. हेतू चांगला असतो. बगलेत काचू नये, हात मोकळा राहावा, एवढेच त्यांना हवे असते. प्रत्यक्षात मात्र उलटे घडते. मुंढा जितका खाली, तितकी बाही अंगाला खाली जोडलेली, आणि म्हणून हात वर केला की बाहीबरोबर सगळा ब्लाउजच वर ओढला जातो. मुंढा बगलेच्या जवळ, पण नेमक्या बाकाचा कापला, तर हात वर जातो आणि ब्लाउज जागेवर राहतो. हे ताईंनी क्लासमध्ये शिकलेले नाही. गिऱ्हाइकांचे ब्लाउज उसवताना त्यांच्या ते लक्षात आले, आणि आता कागदावर हा बाक काढताना त्या पेन्सिल दोनदा मागे घेतात. वर्गात फळ्यावर लिहिणाऱ्या बाईसाठी हा बाक म्हणजे रोजचा पाच तासांचा प्रश्न आहे.

छातीसाठी येथे कटोरी घातली जाणार आहे. साध्या ब्लाउजात कापडाला चिमटे काढून, म्हणजे टक घालून, उंचवटा तयार करतात. छाती मोठी असेल तर टकही मोठा घ्यावा लागतो आणि त्याच्या टोकाला चोच येते. कटोरीत मात्र तो भाग वेगळा कापून वाटीसारखा जोडला जातो, त्यामुळे गोलाई शिवणीत मुरते. जोड वाढतात, वेळ वाढतो, मजुरी वाढते, आणि घाईच्या दिवसांत अनेक ठिकाणी हेच काम टाळले जाते.

(कात्री. शिवणीच्या आत सोडलेली कापडाची रुंद पट्टी. ताई ती दोन बोटांनी मोजतात.)

शिवणीच्या आत सोडलेल्या या जादा कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. पुढे अंग भरले, बाळंतपण झाले, औषधांनी सूज आली, तर उसवून सैल करता यावे म्हणून ही दोन बोटे माया ठेवायची असते. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापडाचा प्रत्येक सेंटिमीटर हिशेबात धरलेला असतो, त्यामुळे तेथे ही पट्टी अगदी अरुंद उरते.

कापडाचा आणखी एक हिशेब येथे सांगितला पाहिजे. साडीबरोबर येणारा ब्लाउजपीस बहुधा ८० सेंटिमीटरचा असतो. ४६ छातीच्या ब्लाउजाला कोपरापर्यंत बाही हवी असेल, तर तेवढे कापड पुरत नाही आणि बगलेत जोड द्यावा लागतो. म्हणजे जाड बाईने बाही लांब ठेवावी असा नियम आपणच करतो आणि तेवढे कापड मात्र देत नाही. या बाईंच्या कपाटात असे अकरा ब्लाउजपीस घडी न मोडता पडून आहेत. कॅमेरा त्यांच्यावर थोडा वेळ थांबतो. त्यावर निवेदन नाही.

(जुन्या ट्रंकेतील खणाची चोळी. पुढच्या दोन टोकांची गाठ बांधणारे म्हातारे हात.)

ही चोळी बाईंच्या आजीची. हिला हूक नाहीत, बटणे नाहीत. पुढची दोन टोके छातीखाली आवळून गाठ मारायची. अंग वाढले तर गाठ थोडी अलीकडे, उतरले तर थोडी पलीकडे. नऊवारी लुगड्यालाही माप नसते. सुमारे सव्वाआठ मीटरचे तेच कापड सडपातळ मुलीला आणि भरलेल्या आजीला सारखेच नेसता येते, कारण जादा कापड निऱ्यांत आणि काष्ट्यात सामावते. एकोणिसाव्या शतकापासून पुढे झंपर, पोलके, ब्लाउज आणि परकर यांचा प्रसार होऊ लागला. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ च्या सुमारास पती सत्येंद्रनाथ ठाकूर यांच्याबरोबर मुंबईत आल्या, येथील पारशी स्त्रियांची नेसण त्यांनी पाहिली, आणि पुढे बंगालमध्ये ब्लाउज-परकरासह साडी नेसण्याची नवी रीत रुजवली. गाठीच्या जागी हूक आला आणि कपड्याचे माप पक्के झाले. अंग मात्र पूर्वीसारखेच बदलत राहिले. आपली फजिती येथून सुरू झाली, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

(पहाट. ससून डॉक. ओल्या फरशीवर टोपल्या, बर्फ, आणि बायकांची रांग.)

मुंबईचा ससून डॉक १८७५ साली बांधून झाला. पहाटे येथे मासळीचा लिलाव सुरू असताना कोळणींकडे पाहा. हिरवा, केशरी, गुलाबी; मोठमोठी फुले; गच्च आवळलेला काष्टा, गुडघ्यापर्यंतचे लुगडे, केसांत गजरा. यांतल्या कितीतरी बायका अंगाने भरलेल्या आहेत. गडद रंग, लहान फुले, बारीक काठ, यांतला एकही नियम येथे पाळला जात नाही. टोपली उचलताना लुगडे सुटू नये आणि पाण्यात भिजू नये, हा येथला नियम. तो कामाने घालून दिला आहे आणि सगळ्या जणी तो काटेकोर पाळतात. हे दृश्य आम्ही मुद्दाम लांब ठेवले आहे, कारण आमचे म्हणणे यात आहे. कपड्याला नियम असावेत, पण ते अंगाला काम करू देणारे असावेत. अंग लपवण्यासाठी केलेले नियम पाळण्याचे बंधन कोणाही बाईवर नाही.

(पुन्हा टेबल. आडव्या रेघा जुळवत कापड दुमडले जाते.)

आडव्या रेघांनी माणूस रुंद दिसतो, हे तर सगळेच धरून चालतात. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ साली नेमके उलटे लिहून ठेवले आहे. आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उभट आणि अरुंद भासतो, तर उभ्या रेघांचा रुंद. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात पीटर थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांच्या आकृत्यांवर हा प्रयोग केला आणि २०११ साली निष्कर्ष मांडले. त्यांनाही आडव्या रेघांची आकृती जाड भासत असल्याचे आढळले नाही. जपानमधील संशोधकांनी मात्र २०१३ साली दाखवले, की आडव्या रेघांनी अरुंद दिसण्याचा हा भास सडपातळ अंगावर जास्त आणि भरलेल्या अंगावर कमी होतो. म्हणजे शास्त्राचाही यावर एकच सरळ निकाल नाही. तरीही दुकानाच्या गादीवर तो पिढ्यान्‌पिढ्या ठामपणे सांगितला जातो.

मग तयार कपड्यांच्या मापांचे काय? अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९ आणि १९४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली, पण हिशेबात फक्त गोऱ्या स्त्रियांची धरली. पुढे तेथील प्रमाणित साइझ ठरवताना हीच आकडेवारी हाताशी होती. आजही कारखान्यात एका मधल्या मापाचा फर्मा, म्हणजे कापण्याचा नमुना, करतात आणि तोच ठरावीक इंचांनी वाढवत नेतात. अंग तसे वाढत नाही. छाती दहा इंच वाढली म्हणून खांद्याचे हाड त्या प्रमाणात रुंदावत नाही, आणि म्हणून मोठ्या साइझचा कुर्ता खांद्यावरून ओघळतो. भारतीय अंगांची मापे घेण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांत सुमारे २५,००० लोकांचे स्कॅनरने सर्वेक्षण हाती घेतले, हे पाऊल महत्त्वाचे आहे. मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये २०१६ साली मोठ्या मापाच्या मॉडेल रॅम्पवर चालल्या, त्यांचे कपडे डिझायनर शिल्पा चव्हाण यांनी केले होते.

कपडा बसत नाही म्हणून बायका लग्नाला जात नाहीत, पोहायला जात नाहीत, फोटोत मागे उभ्या राहतात.

(ट्रायल. पडदा सरकतो. बाई आरशासमोर. आवाज फक्त रस्त्यावरचा.)

ब्लाउज तयार झाला. हळदी रंग, आडव्या हिरव्या रेघा, आखूड बाही. कटोरीच्या जोडावर रेघा तुटू नयेत म्हणून ताईंनी त्या भागाचे कापड दोनदा बदलून कापले. शेवटच्या तुकड्यात एक रेघ दोऱ्याभराने हुकली आहे आणि ती त्यांनी स्वतःच बोट ठेवून दाखवली. बाई आधी नेहमीसारखी पुढची कड खाली ओढतात. कड जागेवरच असते. मग त्या उजवा हात वर करतात, फळ्याच्या वरच्या ओळीवर लिहावे इतका वर, आणि तसाच धरून ठेवतात.

‘ताई, चढत नाही हो,’ त्या म्हणतात.

‘डावा पण करून बघा, बाई,’ ताई म्हणतात, आणि वही उघडून मुंढ्याच्या आकड्यापुढे बरोबरची खूण करतात. पिशवीतून आणखी एक ब्लाउजपीस बाहेर येतो. त्याची घडी अजून मोडलेली नाही.