कोशिंबीर कोणाच्या लक्षात राहते?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय जरा भारदस्त छापलाय, 'अन्नातून होणाऱ्या आजारांचं सर्वेक्षण', पण मी आपला मेथीपासून सुरू करतो, आणि ती मेथीही आपल्याकडची नाही, जर्मनीत गेलेली.

2011 चा मे महिना. हॅम्बुर्गच्या दवाखान्यांत रक्ताचे जुलाब होणारे पेशंट यायला लागले आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या किडन्या बंद पडायला लागल्या. 19 मे ला तीन मुलांच्या केसेस रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटला, म्हणजे जर्मनीच्या साथरोगांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, कळवल्या गेल्या, दुसऱ्या दिवशी टीम हजर. किडनीचा हा प्रकार एरवी लहान पोरांमध्ये दिसतो, इथे मात्र बहुतेक धडधाकट मोठी माणसं, आणि त्यातही बायका जास्त. जंतू होता ईकोलाय या आतड्यातल्या जंतूचाच एक वाण, ओ104. पेशंटना विचारलं काय खाल्लं, तर टोमॅटो, काकडी, सॅलडची पानं. मग हॅम्बुर्गमध्ये स्पेनहून आलेल्या काकडीवर जंतू सापडला आणि झालं, जाहीर करून मोकळे! स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल जागेवर कुजला, आणि नंतर कळलं की काकडीवर होता तो जंतू साथीचा नव्हताच, दुसराच वाण होता. युरोपियन युनियनला भाजीवाल्यांना भरपाई म्हणून वीस कोटी युरोच्या वर काढावे लागले.

मग खरं कारण कसं सापडलं? हा भाग मला फार आवडतो. लुबेकच्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवून गेलेले बरेच जण आजारी पडले होते. तपास करणाऱ्यांनी पेशंटना 'काय खाल्लं' विचारायचं सोडलं आणि 'काय मागवलं' ते विचारलं. बिलं काढली, लोकांनी टेबलावर काढलेले फोटो मागितले, आणि मग किचनमध्ये जाऊन आचाऱ्याला विचारलं की बाबा या डिशमध्ये तू नक्की काय काय टाकतोस, वरून काय भुरभुरतोस. उत्तर आलं, मोड आलेली कडधान्यं. ज्यांच्या ताटात मोड होते त्यांना आजाराची शक्यता 14 पट, आणि आजारी पडलेल्या एकूण एक माणसाच्या ताटात मोड होते. माग काढत काढत गाडी एका मोडवाल्याच्या फार्मवर आणि तिथून इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यापर्यंत गेली. तोपर्यंत 3,800 च्या वर लोक आजारी आणि 50 च्या वर मेलेले. गंमत म्हणा की दुर्दैव, दाण्यांवर तो जंतू शेवटपर्यंत सापडला नाही, मागमूस लागला तो बिलांवरून.

पेशंटना विचारलं होतं तेव्हा जेमतेम चौघांतल्या एकाला मोड आठवले होते. खोटं कोणी बोलत नव्हतं हो, पण सॅलडवरचे चार मोड कोण लक्षात ठेवतं? तुम्ही लग्नात जेवलात, तर पनीर आठवतं, जिलेबी आठवते, कोशिंबीर कोणाच्या लक्षात राहते? त्यात या जंतूला पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला साधारण आठ दिवस लागायचे. म्हणजे माणूस आजारी पडून दवाखान्यात येणार, आणि आपण त्याला मागच्या आठवड्यातलं ताट विचारणार! कावीळ घ्या, हेपॅटायटिस ए, तिथे तर महिनाभराचा हिशोब. उलट शिळ्या पेढ्यातलं स्टॅफिलोकोकस नावाच्या जंतूचं विष दोन-चार तासांत उलट्या काढतं, तिथे माणसाला सगळं आठवतं, पण तोवर पातेली घासून झालेली असतात.

पातेल्यांचं मी स्वतः भोगलंय. पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मेडिकल ऑफिसर असताना एका गावात एकादशीच्या भगर-आमटीनंतर रात्रीत माणसं यायला लागली, बेड संपले, सलाईन खिडकीच्या गजाला बांधल्या. पहाटे उसंत मिळाली तेव्हा आठवलं की नमुना घ्यायला पाहिजे, तर मंडळींनी लाजेपोटी सगळं अन्न ओढ्याला नेऊन ओतलेलं आणि भांडी राखेने लख्ख! शौचाचे नमुने घेतले ते अँटिबायोटिक सुरू केल्यावर, त्यात काय उगवणार, कप्पाळ. रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला आणि फाइल बंद. चूक माझीच होती, दुसऱ्या कोणाची नाही. भगरीला बुरशी लागते, ॲस्परजिलस, तिचं विष असतं, हे आता अन्न व औषध प्रशासन दर उपवासाच्या सीझनला सांगतं, पण त्या रात्री ती भगरच होती की आमटीतले शेंगदाणे की पाणी, हे मला आजही सांगता येणार नाही.

आपल्याकडे यंत्रणा नाही असं नाही. 2004 पासून आयडीएसपी आहे, म्हणजे साथींवर नजर ठेवणारा सरकारी कार्यक्रम, एस फॉर्म आरोग्यसेविकेचा, पी फॉर्म डॉक्टरचा, एल फॉर्म लॅबचा. पूर्वी हे आठवड्याला जायचं, 2021 पासून ऑनलाइन रोजच्या रोज भरता येतं, ही खरंच मोठी गोष्ट आहे, कारण जर्मनीतसुद्धा माहिती गावातून राज्यात आणि राज्यातून वर जायला दिवस लागायचे आणि या साथीनंतर त्यांना कायदा बदलावा लागला. पण फॉर्ममध्ये जातो तो आकडा, इतके जुलाब, इतक्या उलट्या. ताट कुठेच जात नाही. आणि दुसरं म्हणजे आपण फक्त आजाऱ्यांना विचारतो. अहो, पंगतीत बसून ठणठणीत राहिलेला माणूस जास्त कामाचा! समजा आजारी पडलेल्या सगळ्यांनी आमटी खाल्ली, म्हणून लगेच आमटीला फाशी देऊ नका, ठणठणीत असलेल्यांनीही ती तितकीच ओरपली असेल तर आमटी निर्दोष.

मला विचाराल तर पहिल्या तासाचं काम आशाताईच्या वहीतलं आहे. पंगतीला कोण होतं, कोणी काय घेतलं नाही, आचारी कोण, किराणा कुठून आणला, पिशवी टाकली नसेल तर ती जपून ठेवा. पहिल्या पाच-सहा पेशंटचे नमुने औषधाआधी. मशीन, जंतूच्या जीनोमची तपासणी सगळं पाहिजे, पण लॅबपर्यंत काही पोचलं तर ना.

मागून एक ताई विचारताहेत, महाप्रसादाचा नमुना आधीच काढून ठेवला तर? उत्तम. प्रत्येक पदार्थाची स्वच्छ डबीभर, दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये. मी हे एका मंदिर कमिटीला सांगितलं तेव्हा एक आजोबा म्हणाले, डॉक्टर, प्रसाद करायच्या आधीच अभद्र कशाला बोलताय? मग मी म्हटलं, देवाचा नैवेद्य काढता ना पहिला, त्याच्याच शेजारी अजून एक डबी काढा. तेव्हापासून तिथे काढतात, दूध डेअरीच्या फ्रीजमध्ये असते, वर चिठ्ठी 'डॉक्टरचा नैवेद्य'.