पापड कुठल्या गावचा?

नमस्कार श्रोतेहो. मोठ्या देशाशी व्यापाराची बोलणी सुरू झाली, असं बातम्यांत आलं की आपल्या इंदूरचा छोटा उद्योजक म्हणतो, ते दिल्लीवाल्यांचं काम. बोलणी दिल्लीवालेच करतात, खरंय. पण त्यांच्या हातातला कागद आपण भरून द्यायचा असतो. कागद आपण भरायचा! एवढंच आज सांगायचंय. आधी एक गोष्ट ऐका.

आमच्या सुदामा नगरातल्या एक काकू. घरामागच्या शेडमध्ये उडदाचे पापड आणि लसणाची शेव करतात. माल हळूहळू परदेशी जायला लागला. एकदा सगळ्या उद्योजकांना सभेला बोलावलं, करारात काय हवं ते सांगा म्हणून. मीही गेलो, पोह्यांच्या आशेनं. पोहे गार! इंदुरात पोहे वाफेवर ठेवा, जिरावण वेगळं द्या, हे सांगावं लागतं म्हणजे कमाल झाली. असो.

जो तो उठायचा आणि म्हणायचा, "ड्यूटी कमी करा," म्हणजे परदेशात मालावर लागणारं शुल्क. सभा घेणारे सरकारी साहेब विचारायचे, "कशावरची?" "आमच्या मालावरची!" मग काकूंची पाळी आली. साहेब म्हणाले, "ताई, कोड सांगा." काकू खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चार पाच दोन, शून्य शून्य नऊ." अहो, तो पिनकोड! सभा खो खो हसली. साहेब म्हणाले, "आकडे सहाच हवेत, ते बरोबर. पण हा तुमचा पत्ता झाला, मालाचा सांगा."

दुसरी कुणी असती तर घरी बसली असती. काकू पुढच्या सभेला वही घेऊन हजर. आयात-निर्यातीत प्रत्येक मालाला एक ठरलेला आकडा असतो, तोच हा मालाचा कोड. पापडाचा कोड १९०५ नं सुरू होतो, म्हणजे पाव-बिस्किटांच्या पंगतीत. शेव निघाली २१०६ मध्ये. एका शेडमधल्या दोघी बहिणी आणि सासरं वेगळी! "पापड आणि पाव? कुणी ठरवलं हे?" काकू तणतणल्या. साहेबांनी पुढचं विचारलं, "हिंग कुठला?" अफगाणिस्तानचा. "उडीद?" त्या खेपेला वाण्यानं म्यानमारचा दिला होता. "मग ताई, पापड कुठला?"

काकू उसळल्या. "लाटला मी, वाळला माझ्या गच्चीवर. पापड इंदूरचाच!"

श्रोतेहो, सगळी गोम इथेच आहे. करारातली शुल्काची सवलत मिळते ती करार करणाऱ्या देशात बनलेल्या मालाला. कच्चा माल बाहेरचा असेल तर त्याचं रूप पुरेसं बदललं का, हे बघतात. बऱ्याच करारांत ते कोडवरून ठरतं. कोडच्या यादीत डाळ सातव्या प्रकरणात, हिंग तेराव्यात, पापड एकोणिसाव्यात. प्रकरण बदललं, म्हणजे काकूंचं म्हणणं बरंचसं खरं. पण प्रत्येक करार आपला नियम वेगळा लिहितो, म्हणून बोलणी चालू असतानाच सांगायला हवं. सही झाल्यावर नाही. सही झाल्यावर कुणी ऐकत नाही.

कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे, आपल्याकडे पुढे दोन वाढवून आठ. क्षुल्लक वाटतं ना? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं बऱ्याच भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, पण औषधं वगळली. कुणाला वगळलं, ते कोडनंच ठरलं.

आणि फक्त काय विकायचंय तेवढंच नका सांगू. तिकडून काय येईल, त्याची भीतीही सांगा. आरसेप या आशिया-पॅसिफिकमधल्या देशांच्या व्यापार कराराच्या बोलण्यांवेळी दूधवाल्यांनी न्यूझीलंडच्या दूध भुकटीबद्दल आवाज उठवला होता. ४ नोव्हेंबर २०१९ ला भारत त्यातून बाहेर पडला. कारणं अनेक होती, पण दुधाचं नाव तेव्हा घरोघरी पोचलं होतं. आपण मराठी मंडळी इथं पिढ्यानपिढ्या नोकरीत रमलो, मोठ्यानं मागायची सवयच नाही आपल्याला!

तर वहीत मालाचा कोड लिहा, कच्चा माल कुठला ते लिहा, तिकडे किती शुल्क लागतं ते लिहा, आणि पेटी कुठे अडते तेही. बिलं जपून ठेवा. काकू हिंगाचं बिल आता डब्यातच ठेवतात, त्यामुळे त्या बिलांना फार वास येतो.

शंका असतील तर पत्र पाठवा. पत्रावर दोन्ही कोड घाला. नमस्कार.