डॉक्टरचा कागद कोर्टात उभा राहतो तेव्हा

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पूर्व भागात, किवू सरोवराच्या काठी बुकावू शहर आहे. तिथलं पान्झी रुग्णालय डॉ. डेनिस मुक्वेगे यांनी १९९९ मध्ये सुरू केलं. २०१८ चं शांततेचं नोबेल त्यांना नादिया मुराद यांच्यासोबत मिळालं, तेव्हा बलात्कार झालेल्या बायकांवरच्या त्यांच्या शस्त्रक्रियांबद्दल आपल्याकडेही भरपूर छापून आलं. मी आज बोलणार आहे ते अशा अत्याचारानंतर डॉक्टर तपासणी करून जो कागद भरतात त्याबद्दल.

२०१३ पासून बुकावूजवळच्या कावुमू गावातून रात्री लहान मुली पळवल्या जाऊ लागल्या. सकाळी त्या शेतात सापडत, बलात्कार झालेल्या, रक्तबंबाळ. चाळीसच्या आसपास मुली. काहींना तर अजून धड बोलताही येत नव्हतं. गावातल्या तक्रारी सुट्यासुट्या पडून राहिल्या. मुली मात्र उपचारासाठी पान्झीतच येत होत्या, आणि एकासारखी दुसरी जखम डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर होती.

काँगोच्या २००६ च्या कायद्यानं लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात डॉक्टरचं मत घेणं बंधनकारक केलं आणि निकालाला ३ महिन्यांची मुदत घातली. कायदा छान आहे. पण तो चालतो तपासणीच्या टेबलावर. डॉक्टरनं 'बलात्कार झाला' असं लिहायचं नसतं, ते ठरवणं न्यायाधीशाचं काम. त्यानं लिहायचं : जखम कुठे, किती लांब, कोणत्या रंगाची, बळजबरीशी सुसंगत आहे की नाही. शरीराच्या छापील आकृतीवर खूण करायची. ओला कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते आणि पुरावा कुजतो. पाकीट ज्याच्या ज्याच्या हातून जाईल त्याची सही. एक सही राहिली की बचावाच्या वकिलाचं अर्धं काम झालं! 'फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स' या संस्थेनं तिथले डॉक्टर, पोलीस आणि वकील यांना एकत्र बसवून हेच शिकवलं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण एरवी हे तिघं एकमेकांची भाषाच समजून घेत नाहीत.

कावुमूची प्रकरणं अखेर एकत्र आली. २०१७ च्या अखेरीस लष्करी न्यायालय स्वतः कावुमूत येऊन बसलं. मुलींना साक्षीला उभं केलं नाही. आधी चित्रित केलेले त्यांचे जबाब न्यायाधीशांनी पाहिले. डिसेंबरमध्ये प्रांतिक विधानसभेचा सदस्य फ्रेडरिक बातुमिके आणि त्याच्या टोळीतले १० जण मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरले. जन्मठेप. एका आमदाराला त्याच्याच गावात ही शिक्षा ऐकावी लागली, हे मला आजही थक्क करतं. सरकारला मात्र न्यायालयानं जबाबदार धरलं नाही, आणि ते मला पटत नाही. इतकी वर्षं मुली पळवल्या जात होत्या, तेव्हा पोलीस कोणाचे होते?

फेब्रुवारी २०२५ मध्ये बुकावू एम-२३ बंडखोरांच्या हाती गेलं. तिथल्या डॉक्टरांपुढचा प्रश्न आता असा आहे, की नीट भरलेलं ते पाकीट कोणत्या न्यायाधीशाकडे पाठवायचं.