नाइट शिफ्टचा ओटी (ओव्हरटाइम) कुठे गळतो? पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये पे रूल (पगार काढण्याचा नियम) असा लावा

नमस्कार मंडळी! नवी मुंबईत रबाळे, महापे, तुर्भे, इकडे ठाण्यात वागळे इस्टेट. या पट्ट्यात तीन पाळ्यांत चालणाऱ्या कंपन्यांचा पगार जे बघतात, त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ आहे. तिसऱ्या पाळीतल्या कामगाराचा ओटी चुकीच्या सेटिंगमुळे गळतो आणि पगारपत्रक वरवर बरोबरच दिसतं.

हे पंच बघा. (स्क्रीनवर हजेरीची नोंद)

पाळी रात्री 10 ते सकाळी 6. आत आला 9:58 ला. सकाळी रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आलाच नाही, म्हणून थांबला, बाहेर पडला 9:04 ला. राउंडिंग करून, म्हणजे वेळ जवळच्या पंधरा मिनिटांना नेऊन, 10 ते 9 धरू, म्हणजे 11 तास. जेवणाचा अर्धा तास वजा, राहिले साडेदहा. कंपनीचा नियम 8 तासांनंतर ओटी, म्हणजे ओटी झाला अडीच तास.

आता सॉफ्टवेअरने दिवस रात्री 12 ला तोडला तर? पहिल्या तारखेला 2 तास. दुसऱ्या तारखेला 9, त्यातून जेवणाचा अर्धा गेला, साडेआठ. ओटी फक्त अर्धा तास! महिना 20,800 रुपये पगार असेल, तर 26 दिवस गुणिले 8, म्हणजे 208 तासांनी भागून तासाचे 100 रुपये येतात. ओटी दुप्पट, 200. मिळायला हवे होते 500, मिळाले 100. एका रात्रीत 400 रुपये गेले, आणि ते त्या माणसाच्या घामाचे होते.

म्हणून शिफ्ट मास्टरमध्ये, म्हणजे पाळ्यांच्या सेटिंगमध्ये, जाऊन सगळ्यात आधी एक गोष्ट करा: पाळी ज्या तारखेला सुरू झाली, सगळे तास त्याच तारखेला लागले पाहिजेत. ही काही सॉफ्टवेअरवाल्याची मेहरबानी नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 57 मध्ये हेच तत्त्व होतं, आणि नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम 28 मध्येही तेच आहे: मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजायचे, आणि साप्ताहिक सुट्टी पाळी संपल्यापासून सलग 24 तासांची. शनिवारी रात्री 10 ला आलेला माणूस रविवारी सकाळी 6 ला सुटतो. त्याचे ते सहा तास रविवारचं काम म्हणून पडत असतील, तर सेटिंग चुकलंय.

दुप्पट दराचं म्हणाल, तर त्या जुन्या अधिनियमाच्या कलम 59 मध्ये दुप्पटच होतं, आणि आता लागू असलेल्या 2019 च्या वेतन संहितेच्या कलम 14 मध्येही दुप्पटच आहे. दीडपट लावून ठेवलेलं मला अजूनही बघायला मिळतं. कृपा करून आजच तपासा.

मग नियमांचा क्रम. दिवसाचा ओटी आधी, आठवड्याचा नंतर. दिवसाच्या ओटीत गेलेले तास आठवड्याच्या 48 तासांच्या मर्यादेत परत धरू नका, नाहीतर तेच तास दोनदा मोजले जातील.

राउंडिंगबद्दल माझं मत ठाम आहे. येताना पुढे ढकलायचं आणि जाताना मागे ओढायचं, हा प्रकार बंद करा. जवळच्या पंधरा मिनिटांना, दोन्ही बाजूंनी सारखं. जमलं तर ओटी सरळ मिनिटांवर काढा, मशीनला त्याचं काही ओझं होत नाही. आणि ट्रान्स हार्बर लोकल उशिरा आली म्हणून 10 मिनिटं ग्रेस (उशिराची सवलत) देत असाल, तर ती फक्त लेटमार्कसाठी ठेवा, कामाच्या तासांत मिसळू नका.

शेवटचं काम, नियम सेव्ह करताना ‘लागू दिनांक’ भरायचा. जुना नियम खोडून त्यावर नवा लिहिलात, तर मागच्या महिन्याचा पगार पुन्हा काढताना तोही नव्या नियमाने निघेल. जुन्याला शेवटची तारीख द्या, नव्याला सुरुवातीची. मग आत्ता दाखवलेले 9:58 आणि 9:04 हे पंच चाचणीच्या कर्मचाऱ्याला टाका आणि पगार चालवून बघा. ओटीच्या रकान्यात 2:30 आलं (मिनिटांवर काढत असाल तर 2:36), तरच खऱ्या मस्टरवर लावा.