मागे राहिलेला जीव

[दृश्य : अल्वाराडो रस्ता, सकाळ. फळांच्या गाड्या, त्यांच्या मागे उघडणारे दुकान.]

लॉस एंजेलिसमधील मॅकआर्थर पार्कच्या कडेने जाणाऱ्या अल्वाराडो रस्त्यावर आंब्याच्या आणि कलिंगडाच्या फोडी विकणाऱ्या बायकांच्या गाड्या लागतात, त्याच सुमारास मागच्या दुकानाचे दारही उघडते. औषधी पाला, रंगीत मेणबत्त्या, संतांच्या तसबिरी आणि ग्वादालुपेच्या मातेच्या, म्हणजे मेक्सिकोत पूजल्या जाणाऱ्या मरियमच्या, मूर्ती विकणाऱ्या अशा दुकानाला येथे बोतानिका म्हणतात. १९८०च्या दशकात एल साल्वाडोर आणि ग्वातेमाला येथील यादवी युद्धांतून जीव वाचवून आलेली माणसे याच भागात उतरली आणि त्यांच्या मागोमाग होंडुरासमधून, मेक्सिकोतूनही बायका येत राहिल्या. लोकांची घरे झाडणाऱ्या, दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या, शिलाईच्या कारखान्यांत राबणाऱ्या या बायकांपैकी कितीतरी जणी झोप उडाली, हात थरथरू लागले किंवा छाती भरून येऊ लागली, की डॉक्टरच्या आधी या दारात येतात.

[दृश्य : आतली खोली. पाल्याची जुडी, अंडे, पाण्याचा पेला. बाईचे फक्त हात.]

खुर्चीवर बसलेल्या बाईने आपला चेहरा दाखवू नये अशी विनंती केली आहे. तिच्यासमोर उभी असलेली वृद्ध कुरांदेरा, म्हणजे पारंपरिक उपचार करणारी स्त्री, प्रथम सताप, रोझमेरी आणि तुळशीच्या कुळातील अल्बाका यांची ओली जुडी तिच्या खांद्यांवरून खाली झाडते. मग एक अखंड अंडे ती कपाळावर टेकवते आणि तिथून मान, छाती, पाठ, कोपर, तळहात असे सावकाश उतरवत पावलांपर्यंत नेते. ओठांतल्या ओठांत प्रार्थना चालूच असते. मीठ-मोहऱ्या उतरवून दृष्ट काढताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही हालचाल परकी वाटणार नाही. अंडे पेल्यात फोडल्यावर पांढऱ्या बलकाचे जे धागे पाण्यात वर चढतात, त्यांच्या आकारावरून आणि बुडबुड्यांवरून दुखणे किती खोल गेले आहे, हे वाचले जाते. या सगळ्या विधीला लिम्पिया म्हणतात.

दुखण्याचे नाव आहे सुस्तो. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : धसका. मेक्सिको आणि ग्वातेमालातील समजुतीप्रमाणे मोठी भीती बसली, की जीव शरीरातून निसटतो आणि जिथे भीती वाटली त्याच जागी थांबून राहतो. शरीर पुढे निघून येते, काम करते, पैसे पाठवते. जीव मात्र नदीच्या काठावर किंवा वाळवंटातल्या एखाद्या झुडपापाशी बसलेला असतो. म्हणून कुरांदेरा त्या बाईचे नाव घेऊन मोठ्याने हाक मारते, "ये, तिथे राहू नकोस."

अंड्याने भीती ओढून घेतली जाते, असे आम्ही म्हणत नाही. आमचे लक्ष वेधले गेले ते अंडे हातात घेण्यापूर्वीच्या अर्ध्या तासाकडे, कारण त्या वेळात कुरांदेरा एकच गोष्ट खोदून खोदून विचारते : भीती कुठे वाटली? सहा वर्षांत हा प्रश्न आपल्याला कोणीही विचारला नव्हता, असे या बाईने आम्हाला सांगितले. दवाखान्यात तिच्यापुढे नऊ प्रश्नांची जी छापील प्रश्नावली ठेवली गेली, ती गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, एवढेच विचारत होती. ती प्रश्नावली उपयोगाची आहे, नैराश्याचे निदान तिच्यामुळे वेळेवर होऊ शकते, परंतु या बाईचे उत्तर त्या दोन आठवड्यांच्या फार आधी घडून गेलेले होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ साली निदानसंहितेच्या चौथ्या आवृत्तीत सुस्तो आणि आताके दे नेर्व्हिओस, म्हणजे किंकाळ्या, रडणे आणि थरथर यांचा एकाएकी येणारा झटका, ही दोन्ही नावे परिशिष्टात नोंदवली. नोंद झाली म्हणून दवाखान्यातल्या टेबलापलीकडच्या माणसाच्या कानाला ती नावे ओळखीची झालीच, असे नाही.

[दृश्य : नकाशावर फिरणारे बोट. पाठीवरची पिशवी. मालगाडीचे जुने चित्रण.]

हे बोट अमेरिकेकडे येणाऱ्या ज्या वाटेवरून फिरते आहे, त्या वाटेवर दक्षिण अमेरिकेतून निघालेल्यांना कोलंबिया आणि पनामा यांच्यामधील दारिएनचे जंगल लागते, जे २०२३ या एका वर्षात पाच लाखांहून अधिक माणसांनी पायी पार केले. पुढे मेक्सिकोत, ला बेस्तिया, म्हणजे श्वापद, असे नाव पडलेल्या मालगाड्यांचे छप्पर असते आणि अमेरिकेच्या सरहद्दीपाशी, येलेरा म्हणजे बर्फपेटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गारठलेल्या कोठड्या. निघण्यापूर्वी अनेक जणी तीन महिने गर्भ राहू नये म्हणून इंजेक्शन टोचून घेतात, कारण वाटेत बलात्कार होईल हे त्यांनी गाडीभाड्यासारखे आधीच हिशेबात धरलेले असते. २०१७ ते २०२१ या काळात सरहद्दीवर ५,०००हून अधिक मुले आईबापांपासून तोडली गेली.

[दृश्य : चर्चचे तळघर. गोल मांडलेल्या खुर्च्या, कापड, दोरे, कॉफीची किटली.]

मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात खुर्च्या मांडणारी ही बाई डॉक्टर नाही. ती प्रोमोतोरा आहे, म्हणजे वस्तीतच राहणारी आणि वस्तीची भाषा बोलणारी आरोग्यसेविका, आणि आमच्या मते या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत कमी मोल मिळालेला दुवा तीच आहे. ती प्रत्येकीच्या हातात कापड आणि सुई देते, कारण नजर टाक्यावर असली की तोंडून शब्द सुटणे सोपे जाते, हे तिला अनुभवाने कळले आहे. १९८०च्या दशकात होंडुरासमधील निर्वासितांच्या छावण्यांत साल्वाडोरच्या बायकांनी बाँब टाकणारी विमाने आणि जळणारी घरे अशीच कापडावर भरली होती. इथल्या कापडांवर बहुतेक घरे, कोंबड्या आणि मक्याची शेते दिसतात. एका कापडावर फक्त पाणी आहे.

या बायकांच्या बोलण्यात दोन शब्द सारखे येतात. आग्वांतार म्हणजे सोसणे, जे आईने केले, आजीने केले आणि जे चांगल्या बाईचे लक्षण समजले जाते. दुसरा शब्द देसाओगार्से, ज्याचा वाच्यार्थ आहे बुडणाऱ्याने पाण्याबाहेर येऊन श्वास घेणे आणि जो आपण ‘मन मोकळे करणे’ या अर्थी वापरू. पहिल्या शब्दाने या बायका इथवर पोचल्या, हे प्रोमोतोरा कधीच नाकारत नाही. कोणालाही तिने "आता सोसू नकोस" असे म्हटलेले आम्ही ऐकले नाही. ती ऐकते, आणि एखादीला मरणाचे विचार येत असल्याचे जाणवले, तर दुसऱ्या दिवशी स्वतः तिच्यासोबत बस पकडून मनोविकारतज्ज्ञांकडे जाते.

[दृश्य : तीच खोली. रिकाम्या खुर्च्या.]

रुग्णालये, शाळा आणि चर्च यांच्या आवारात स्थलांतरितांना पकडण्यावर घातलेली बंधने जानेवारी २०२५मध्ये मागे घेण्यात आली. या मंगळवारी चौघीच आल्या आहेत.

[दृश्य : फोनवर बोलणारी प्रोमोतोरा. मांडीवर अर्धवट भरलेले कापड.]

न आलेल्यांची यादी तिला तोंडपाठ आहे. प्रत्येकीला फोन लावल्यावर ती आधी मुलांच्या शाळेची चौकशी करते, मग रात्री काय रांधले ते विचारते, आणि या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतरच झोप लागते का, असे विचारते. पलीकडून उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा ती दुसऱ्या हाताने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत राहते.