चौथ्या नंबरला बॅटिंग, फिल्डिंगची गरज नाही

मित्रहो, समोर बसलेल्यांपैकी बरेच जण शाळेत खेळ शिकवता. मीही २६ वर्षं तेच करतोय. म्हणून सचिन तेंडुलकरचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांबद्दल बोलताना मी सचिनच्या शतकांपासून सुरुवात करणार नाही. सरांच्या स्वतःच्या खेळापासून करतो.

सरांचा जन्म १९३२चा, मालवणचा. मुंबईत ते न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून खेळू लागले, पुढे स्टेट बँकेत नोकरी आणि बँकेच्या संघात जागा. १९६३-६४च्या हंगामात मोइनुद्दौला करंडकात ते बँकेकडून हैदराबादविरुद्ध खेळले. हा त्यांचा प्रथम श्रेणीचा पहिला सामना आणि शेवटचाही. त्या काळच्या मुंबईत हे नवल नव्हतं. बाहेर बसलेले खेळाडूही दुसऱ्या राज्यात सहज रणजी खेळले असते, इतकी गर्दी होती. सरांची खेळाडू म्हणून वाट तिथे थांबली आणि ते शिवाजी पार्कवर मुलांना घेऊन उभे राहिले. शारदाश्रम विद्यामंदिर ही शाळा आणि कामत मेमोरियल हा क्लब, पुढचं आयुष्य त्यातच गेलं.

आता मला मुद्द्याचं बोलायचं आहे. सरांचं नाव निघालं की लोक स्ट्रेट ड्राइव्हबद्दल बोलतात, ग्रिपबद्दल बोलतात. मला वाटतं, सरांचं खरं काम वेगळं होतं. ते मुलांना मॅच मिळवून द्यायचे. नेटमध्ये मूल चुकलं तर पुढचा चेंडू मिळतो. मॅचमध्ये चुकलं तर पॅड सोडून झाडाखाली बसावं लागतं. ते बसणं जितक्या वेळा वाट्याला येईल, तितकी विकेटची किंमत कळते. हे सरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून शाळकरी सचिन एका दिवशी दोन-दोन सामने खेळायचा. एका मैदानावर बाद झाला की सर त्याला स्कूटरवर मागे बसवून शिवाजी पार्कवरून आझाद मैदानावर न्यायचे.

एक प्रसंग सचिननेच सांगितलेला आहे. शारदाश्रमच्या मोठ्या मुलांची हॅरिस शिल्ड या आंतरशालेय स्पर्धेची फायनल वानखेडेवर होती. सरांनी त्याच दिवशी सचिनसाठी दुसरीकडे एक सराव सामना ठरवला होता. त्या संघाच्या कॅप्टनशी बोलून ठेवलं होतं, हा चौथ्या नंबरला खेळेल, फिल्डिंग करायची गरज नाही. सचिन गेला वानखेडेला, टाळ्या वाजवायला. संध्याकाळी सर समोर आले आणि त्यांनी विचारलं, आज किती केल्यास? पुढे सगळ्यांसमोर जी बोलणी बसली, ती सर्वांना माहीत आहे: दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवू नकोस, लोकांनी तुझ्यासाठी वाजवाव्यात असं काही कर.

आपल्याला ते टाळ्यांचं वाक्य लक्षात राहतं. मला मात्र त्याआधीची गोष्ट मोठी वाटते. एका अनोळखी संघाच्या कॅप्टनकडे जाऊन, स्वतःचा शब्द खर्ची घालून, एका पोरासाठी एक इनिंग मागायची. असं रोज मागायचं. उन्हाळाभर मागायचं. मी स्वतः किती वर्षं केलं नाही हे! माझ्या पहिल्या शाळेत आंतरशालेय स्पर्धेची एक मॅच हरलो की वर्षाचं क्रिकेट संपायचं आणि मी नशिबाला दोष देत बसायचो. शेजारच्या शाळेत जाऊन 'शनिवारी खेळायचं का?' एवढं विचारणं मला सुचलं नव्हतं.

सामना चालू असताना सर झाडामागे उभे राहायचे. मुलांना दिसू नये अशा बेताने. चुका चिठोऱ्यावर टिपायचे आणि सामना संपल्यावर सांगायचे. सचिनला त्यांनी शिबिरात घेतलं तेही असंच. पहिल्या दिवशी सरांसमोर तो बिचकला, धड खेळलाच नाही. तेव्हा त्याचे मोठे भाऊ अजित तेंडुलकर यांनी सरांना विनवलं, जरा लांबून बघा. सर लांब गेले, मुलगा मोकळा झाला आणि खेळला. शिक्षक समोर नसताना मूल काय करतं, हे बघायला किती जण थांबतो आपण?

फेब्रुवारी १९८८ची ६६४ धावांची भागीदारी आझाद मैदानावरची, हॅरिस शिल्डच्या सेमीफायनलची. शारदाश्रमकडून सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. डाव घोषित करा हा सरांचा निरोप बाहेरून ओरडून सांगितला जात होता आणि ही दोघं तिकडे बघायचं टाळत होती. शेवटी सरांशी फोनवर बोलणं झालं. विनोदला एका धावेत ३५० होणार होते. सरांनी नाही म्हटलं. डाव घोषित झाला आणि त्याच विनोदने गोलंदाजीत सहा बळी घेतले.

ती एक रुपयाच्या नाण्याची गोष्ट घ्या. नेटचा शेवट, पाय जड झालेले. सर मधल्या स्टम्पवर रुपया ठेवायचे आणि मैदानावरच्या साठ-सत्तर पोरांना फिल्डिंगला लावायचे. नाबाद राहिलास तर रुपया तुझा, आउट झालास तर गोलंदाजाचा. त्यानंतर पॅड-ग्लोव्हजसकट पार्कला दोन फेऱ्या. सचिनने अशी १३ नाणी जपून ठेवली. १६ नोव्हेंबर २०१३ला निरोपाच्या भाषणात तो म्हणाला की सरांनी २९ वर्षांत एकदाही 'वेल प्लेड' म्हटलं नाही, आता म्हणायला हरकत नाही, कारण आता मॅच उरलेली नाही.

त्या १३ नाण्यांबद्दल सगळे बोलतात. मी हल्ली बाकीच्या नाण्यांचा विचार करतो. सचिनही आउट होत असेलच की. तेव्हा तो रुपया कुणा गोलंदाज पोराच्या खिशात गेला असेल, त्याने घरी जाऊन आईला दाखवला असेल. प्रवीण आमरे, अजित आगरकर, चंद्रकांत पंडित, रमेश पोवार ही सरांच्या हाताखालून भारतीय संघात गेलेली नावं आपल्याला पाठ आहेत. त्यांच्याच बाजूला लाल मातीत उभी असलेली ती साठ-सत्तर पोरं पुढे बँकेत लागली, रेल्वेत लागली, काही माझ्यासारखी शाळेत आली असतील. त्यांनाही सरांनी तितक्याच संध्याकाळी उभं केलं होतं, तितकंच पळवलं होतं.