रबर शेवटी, पत्रा आधी: जुन्या गाडीच्या डिकीचं रबर बदलताना

नमस्कार मंडळी.

(डिकी उघडी. कॅमेरा आत.)

वास कॅमेऱ्यात येत नाही म्हणून सांगते, कुबट आहे. कार्पेट वरून कोरडं दिसतंय, पण ते उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला की बोटं ओली. जुनी गाडी बाळगणाऱ्यांना हा वास ओळखीचा असतो आणि त्यावरचं औषधही पाठ असतं. रबर गेलंय, नवीन आणा, चिकटवा, संपलं.

मग नवीन रबर लागतं आणि पुढच्या पावसात खड्डा पुन्हा भरतो.

रबराचं काम फक्त फट भरण्याचं. झाकण एका बाजूला उचललेलं असेल किंवा चॅनलचा, म्हणजे रबर बसतं त्या खाचेचा, पत्रा गंजून सोलला असेल, तर कितीही भारी रबर आणा, पाणी आपली वाट काढतंच. त्यामुळे आज चिकटवण्यापर्यंत पोचायला आपल्याला उशीर लागणार आहे. ज्यांना तेवढंच बघायचंय त्यांनी व्हिडिओ पुढे सरकवा, मी रागावणार नाही. पण परत याल.

आधी हे बघू की पाणी रबरातूनच येतंय का. डिकीत पाणी शिरायला जागा भरपूर असतात. टेललाइटच्या मागचं गॅस्केट, मागच्या काचेचं रबर, अँटेनाचं भोक, झाकणावरच्या नावाच्या अक्षरांची भोकं, आणि पत्र्याचे दोन तुकडे जिथे जोडलेत तिथलं सुकून तडकलेलं सीलर. डिकी रिकामी करा, कार्पेट काढा, आतल्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि डिकी बंद करा. मग पाइपाने पाणी सोडायचं, तेही हळू, जोराचा फवारा नको. सुरुवात खालून. आधी टेललाइट, मग झाकणाची खालची कड, मग बाजू, सगळ्यात शेवटी मागची काच. प्रत्येक टप्प्यानंतर उघडून बघायचं. पावडरीत पाण्याचा ओघळ उमटतो, आणि तो वर जिथे सुरू होतो तो तुमचा चोर. एकदम वरूनच पाणी ओतलंत तर सगळं भिजेल आणि कळणार काहीच नाही.

ज्यांच्या डिकीत पाणी येत नाही त्यांनीही दोन मिनिटं थांबा, कारण पुढची गोष्ट पाण्याहून महत्त्वाची आहे. गाडी चालते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथे हवा घोटाळत राहते. सायलेन्सरचा धूरही तिथेच असतो. रबराला फट असेल तर तो धूर डिकीत येतो, आणि पुष्कळ जुन्या गाड्यांत डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये एक पुठ्ठ्यासारखा बोर्ड असतो, बास. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. जुन्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, म्हणून त्याचं प्रमाणही जास्त. मागे बसणाऱ्याचं डोकं लांबच्या प्रवासात नेहमी दुखत असेल, तर दोष गाडी लागण्याला देण्याआधी डिकीचं रबर आणि सायलेन्सरचे सांधे तपासा. बाकी गोष्टींना घाई नसते, याला आहे.

(जुन्या रबराचा क्लोजअप.)

आता जुनं रबर. ते ओढून काढून फेकायची घाई करू नका, त्यावर सगळा इतिहास लिहिलेला असतो. इथे बघा, या कोपऱ्यात रबर चपटं झालंय आणि चकाकतंय. म्हणजे इथे झाकण जास्त दाबतं. आणि दुसऱ्या कोपऱ्यात ते अजून गोल आहे, वर धुळीचा थर. धूळ बसली याचा अर्थ झाकण तिथे टेकतच नव्हतं. हे झाकण तिरकं बसतंय. नवं रबरही पहिल्याच कोपऱ्यात चपटं होणार आणि दुसऱ्याच कोपऱ्यात गळणार. फोटो काढा, मास्किंग टेपच्या तुकड्यांवर खुणा करा. सांधा कुठे आहे, रबराचा ओठ, म्हणजे त्याची बाहेर आलेली पातळ कड, कुठल्या बाजूला वळलाय, हेही टिपून ठेवा.

आणि या बारीक भेगा. नैसर्गिक रबराच्या आणि जुन्या कृत्रिम रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात, आणि हवेतला ओझोन नेमका तेच तोडतो. रबर ताणलेलं असेल तिथे भेगा आधी पडतात, ताणाच्या आडव्या दिशेने. म्हणून कोपऱ्यांची बाहेरची बाजू आधी फाटते. 1960 च्या दशकात ईपीडीएम नावाचं रबर बाजारात आलं. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंधच नाहीत, त्यामुळे ओझोन आणि ऊन त्याला सहसा काही करत नाही. आज नवं घेताना ईपीडीएमचंच घ्या. गाडीच्या जमान्यात ते नव्हतं म्हणून जुन्या प्रकारचंच रबर हवं, असा हट्ट धरणारे असतात. झाकणाखालच्या रबराची रासायनिक जात कोण बघायला येणार आहे?

काढताना प्लास्टिकचा खरवडा वापरा. जुनं सोल्युशन, म्हणजे चिकटवलेला गोंद, हेअर ड्रायरने कोमट केलं की मऊ पडतं. उरलेल्या थराला मिनरल टर्पेंटाइन, कापडावर घेऊन. लॅकर थिनर नको. जुन्या गाडीला लॅकरचा रंग असेल तर तो कितीही वर्षांनी थिनरमध्ये पुन्हा विरघळतो, आणि मग रबराचं काम बाजूला राहून रंगकाम निघतं. टर्पेंटाइनही आधी लपलेल्या जागी लावून बघा. पेट्रोलने पुसायची सवय अनेकांना आहे. बंदिस्त डिकीत पेट्रोलची वाफ कोंडते, एक ठिणगी पुरते. करू नका.

एक ताकीद. झाकणाखाली आडव्या गेलेल्या दोन लांब सळया दिसतात ना, त्या टॉर्शन बार. झाकण वर उचलायला मदत करतात, म्हणजे त्यांत पीळ भरून ठेवलेला असतो. रबर बदलायला त्यांना हात लावायची काही गरज नसते. कुतूहल म्हणूनही नको. सुटलेली सळई बोट मोडू शकते.

चॅनल साफ झाला की खरा चेहरा दिसतो. रबराखाली ओल धरून राहते, म्हणून गंज बहुतेक इथेच असतो. फुगलेला रंग स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने खरवडा, उरलेल्यावर गंज रोखणारं केमिकल, मग एपॉक्सी प्रायमर, मग रंग. भोक पडलं असेल तर तिथे पत्रा जोडून वेल्डिंग करायचं. पुट्टी भरून झाकलेलं भोक पुन्हा डोकं वर काढतं. चॅनलच्या खालच्या कोपऱ्यांत पाणी जायला वाट असते, ती मातीने बुजलेली नाही ना, एक तार घालून बघा. रंग पूर्ण वाळू द्या, घाई केलीत तर सोल्युशनमधला द्रावक ताजा रंग सुरकुतवतो.

आता झाकण. बिजागरीच्या बोल्टची भोकं लांबट असतात, म्हणून झाकण थोडं इकडेतिकडे सरकवता येतं. बोल्ट सैल करण्याआधी बिजागरीभोवती पेन्सिलने रेघ मारा, म्हणजे चुकलं तर मूळ जागी परतता येईल. जोडीला कुणीतरी हवं, एकट्याने केलं तर झाकणाची कड बाजूचा रंग खरवडते. कोपऱ्यांना रबरी बफर असतील तर त्यांनी उंची जुळते, आणि मागची कड किती घट्ट बसावी ते लॉकसमोरचा स्ट्रायकर, म्हणजे लॉक ज्यात अडकतं तो तुकडा, ठरवतो.

(हातात मुलांची खेळायची माती.)

हा माझा सगळ्यात आवडता भाग. क्लेच्या छोट्या गोळ्या करा, प्रत्येक गोळी प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळा, आणि रिकाम्या चॅनलमध्ये ठेवत जा. कोपऱ्यांत, मध्ये, बिजागरीजवळ, लॉकजवळ. झाकण हळू बंद करा, लॉक लागू द्या, उघडा. चपट्या गोळ्यांची जाडी मोजा. हीच तुमची फट. बिजागरीजवळ 12 मिलिमीटर आणि डाव्या कोपऱ्यात 17 निघाली, तर अजून रबर मागवू नका. आधी झाकण जुळवा, पुन्हा गोळ्या ठेवा. आकडे एकमेकांच्या दोनएक मिलिमीटरमध्ये आले की पुढे.

या आकड्यावरून रबराची उंची ठरते. पोकळ किंवा स्पंजचं रबर झाकण बंद झाल्यावर साधारण 30 टक्के दबावं. 12 मिलिमीटरच्या फटीला 17 मिलिमीटर उंचीचं रबर ठीक. त्याहून जाड घेतलं तर झाकण आपटावं लागेल, आणि रोज आपटून झाकणच वाकेल. "जाड घेतलं की घट्ट बसतं" हा सल्ला फुकट मिळतो, महागात पडतो.

रबराची जात दोन प्रकारची. एक चॅनलमध्ये चिकटवायची. दुसरी उभ्या पत्र्याच्या कडेवर दाबून बसवायची, तिच्या पोटात पत्र्याचे दात असतात. दुसरीला सोल्युशन लागत नाही, पण कडेची जाडी नीट मोजा. जिथे दोनाऐवजी तीन पत्रे एकत्र वेल्ड केलेत तिथे ती वाढते, आणि तिथे रबर बसतच नाही किंवा फाकतं. तिची ठोकाठोकी रबरी हातोड्याने करा.

आपली गाडी चिकटवण्याच्या जातीतली. नवं रबर गुंडाळीत येतं, त्याला वळ पडलेले असतात. थोडा वेळ उन्हात मोकळं टाका, सरळ होतं. त्यावर कारखान्यातली पावडर असते, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नाहीतर सोल्युशन पावडरला चिकटेल, रबराला नाही. मग सोल्युशनशिवाय एकदा पूर्ण बसवून बघा. बिजागरीकडच्या मध्यावरून सुरुवात, दोन्ही बाजूंनी फिरत लॉककडे. सांधा लॉकजवळ येऊ द्या, किंवा कारखान्याने जिथे दिला होता तिथे. काचेवरून उतरणारं पाणी आधी बिजागरीकडेच येतं, तिथे सांधा का ठेवायचा?

ताणायचं नाही. हे दोनदा सांगते, ताणायचं नाही. ताणून बसवलेलं रबर आज सुंदर दिसतं, काही महिन्यांनी आखडतं आणि सांध्यात बोटभर फट पडते. ताणलेल्या रबराला ओझोनच्या भेगाही लवकर पडतात, आत्ताच बघितलं आपण. उलट कोपऱ्यात थोडं जास्त रबर आत सारा, नाहीतर वळणावर पोकळ भाग बसतो आणि नेमकं तिथेच पाणी येतं. पोकळ रबराला बारीक भोकं असतील तर ती हवा बाहेर जायला असतात. ती आतल्या बाजूला ठेवा आणि सोल्युशनने बुजवू नका.

सोल्युशन म्हणजे काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह. काळं घ्या, पिवळं सांडलं की जन्मभर दिसतं. कडेच्या रंगावर मास्किंग टेप लावा. चॅनलला पातळ थर, रबरालाही पातळ थर, आणि मग थांबा. बोट लावलं तर चिकट वाटावं, पण सोल्युशन बोटाला येऊ नये. या थांबण्याला कंटाळून लोक ओल्यावरच दाबतात आणि रबर दिवसभर घसरत राहतं. एका वेळी हातभर भाग घ्या. सिलिकॉन सीलंट इथे वापरू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट वाळताना आम्ल सोडतं, ते पत्र्याला गंज लावतं, आणि सिलिकॉनच्या डागावर पुढे रंगही धरत नाही.

दोन्ही टोकं भेटली की सेंटिमीटरभर जास्त ठेवून कापा. नवं ब्लेड, साबणाच्या पाण्यात बुडवून, एका झटक्यात, काटकोनात. टोकांना सुपर ग्लूचा एक थेंब आणि एकमेकांवर दाबून धरा. जास्तीचा सेंटिमीटर आत दाबला जातो, तो सांध्याला कायम मिटलेलं ठेवतो.

डिकी हळू बंद करा आणि 24 तास तशीच राहू द्या. नवं रबर सुरुवातीला झाकणाला उलटं ढकलतं. लॉक लागायला जड जातंय म्हणून लगेच स्ट्रायकर हलवू नका, काही दिवसांत रबर बसतं. तेव्हाही जड असेल तर मग हलवा.

तपासणी सोपी. कागदाची पट्टी रबरावर ठेवून डिकी बंद करा आणि ओढा. अडखळत यायला हवी. अलगद निसटली तर तिथे दाब नाही. सगळीकडून असं फिरा. रात्री आत पेटती बॅटरी ठेवून बाहेरून उजेडाची रेघ शोधता येते. बॅटरीच ठेवा, माणूस नको. अमेरिकेत 1 सप्टेंबर 2001 पासून बनलेल्या मोटारींना डिकी आतून उघडायची सोय सक्तीची झाली, आपल्या जुन्या गाडीत ती नसते. आणि शेवटी पुन्हा पावडर आणि पाइप, त्याच क्रमाने, खालून वर.

पुढची देखभाल म्हणाल तर सिलिकॉन ग्रीसचं बोट, अगदी पातळ, अधूनमधून. व्हॅसलीन, इंजिन ऑइल, साधं ग्रीस लावू नका, खनिज तेलाने ईपीडीएम फुगतं आणि मऊ पडतं. गाडी रंगायला द्यायची असेल तर हे ग्रीसही रंगकाम झाल्यावरच.

रबर कुठलं घ्यावं हे ठरत नसेल तर खाली कमेंटमध्ये तीन आकडे लिहा. चॅनलची रुंदी, सगळ्यात पातळ गोळीची जाडी आणि सगळ्यात जाड गोळीची. गाडीचं नाव नाही लिहिलंत तरी चालेल.